आउटबोर्ड मशीन पिकअपमधून मुंबईहून देवबागला आणायची आहे: उभी की आडवी?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. देवबागला आमची एक फायबर होडी आहे, तिच्यातून आम्ही पर्यटकांना कर्लीच्या खाडीत आणि संगमापर्यंत फिरवतो. येत्या हंगामासाठी मी मुंबईत दोन वापरलेल्या आउटबोर्ड मशिनी, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला टांगायची इंजिने, घेतल्या आहेत. एक ४० अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक, लांब पायाची, बटनावर सुरू होणारी, वजनाने १०० किलोच्या आसपास. दुसरी ८ अश्वशक्तीची जुनी टू-स्ट्रोक आहे, ती मी एकटाही उचलू शकतो. दोन्ही मशिनी गेल्या आठवड्यापर्यंत खाऱ्या पाण्यात चालत होत्या.

प्रश्न वाहतुकीचा आहे. पनवेलहून निघून मुंबई-गोवा महामार्गाने कसालपर्यंत आणि तिथून मालवणमार्गे देवबाग, असा जवळजवळ ५०० किलोमीटरचा प्रवास भर पावसात करायचा आहे. विक्रेता म्हणतो, "खाली गादी टाका आणि दोन्ही आडव्या घाला, नव्या मशिनीसुद्धा खोक्यातून आडव्याच येतात." माझे वडील फोनवर एवढेच म्हणाले की उभी आणायची नसेल तर आणूच नको. नव्या मशिनी आडव्या येतात हे मी स्वतः पाहिलेले असल्यामुळे विक्रेत्याला उत्तर काय द्यावे ते मला सुचले नाही. जाणकारांनी कारणासह सांगावे.

हर्णैकर

आमच्याकडे ८ आणि ९.९ च्या टू-स्ट्रोक मशिनी वर्षानुवर्षे जुन्या टायरवर आडव्या टाकून दापोलीला दुरुस्तीला नेतात आणि आणतात. काहीही झालेले नाही. ४० ची फोर-स्ट्रोक मात्र मी कधी आडवी पाहिलेली नाही, तिच्याबद्दल माझे मत धरू नका.

जुना_मेकॅनिक

खाडीकाठ, तुमच्या वडिलांचे म्हणणे बरोबर आहे, आणि विक्रेता खोटे बोलत नसला तरी अर्धेच सांगतो आहे. नवी फोर-स्ट्रोक मशीन खोक्यात आडवी येते, कारण बहुतेक वेळा तिच्यात इंजिन ऑइल भरलेलेच नसते. ते विक्रेता बसवताना भरतो. शिवाय ती मशीन कधी पाण्यात उतरलेली नसते, त्यामुळे तिच्या पायात पाण्याचा थेंबही नसतो. तुमच्या मशीनमध्ये ऑइलही आहे आणि खारे पाणीही आहे. म्हणून खोक्यातल्या मशीनचा दाखला तिला लागू पडत नाही.

आधी पाण्याचे पाहू. ज्याला आपण पाय म्हणतो, म्हणजे वरच्या इंजिनापासून खाली पंख्यापर्यंतचा भाग, त्यातून दोन गोष्टी खाली जातात. एक म्हणजे इंजिनाचा धूर आणि दुसरे म्हणजे इंजिन थंड करून परत निघालेले पाणी. होडीवर मशीन उभी असते तेव्हा दोन्ही आपोआप खाली उतरतात. पण मशीन बंद केल्यावर थोडे पाणी आतल्या पोकळ्यांमध्ये अडकून राहते. अशा वेळी मशीन लगेच आडवी केली आणि त्यातही पाय इंजिनापेक्षा वर गेला, तर ते पाणी ज्या वाटेने धूर बाहेर पडतो त्याच वाटेने उलटे चालत सिलिंडरमध्ये शिरते. खारे पाणी सिलिंडरच्या भिंतीला आणि रिंगांना लागल्यावर गंज धरायला एक रात्र पुरते. ही गोष्ट टू-स्ट्रोकलाही तितकीच लागू आहे. म्हणून आडव्या मशीनचा पहिला नियम असा की वरचे इंजिन नेहमी पंख्यापेक्षा उंचावर राहिले पाहिजे, मग त्यासाठी झाकणाच्या बाजूला दोन पोती जास्त घालावी लागली तरी चालेल.

आता ऑइल. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल इंजिनाखालच्या साठ्यात असते, आणि तुमच्या आकाराच्या मशीनमध्ये ते दोन-अडीच लिटर भरते. मशीन चुकीच्या अंगावर आडवी पडली की हे ऑइल पिस्टनच्या रिंगांपलीकडे झिरपते किंवा वाफ सोडणाऱ्या नळीतून हवेच्या वाटेत उतरते. घरी आल्यावर तुम्ही उत्साहाने बटन दाबता. पिस्टन वर येतो आणि हवेऐवजी ऑइल दाबू पाहतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून मग कनेक्टिंग रॉड वाकतो. एका क्षणाचे काम असते आणि खर्च मात्र मशीनच्या किमतीच्या हिशेबात येतो.

टू-स्ट्रोकमध्ये असा ऑइलचा साठा नसतो, कारण ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. हर्णैकरांच्या टायरवरच्या मशिनी सुखरूप राहिल्या त्याचे कारण हेच आहे. तेव्हा ८ ची आडवी आणा, पण पाणी पूर्ण निथळल्यावर. ४० ची उभीच आणा.

लहान फोर-स्ट्रोक आडव्या ठेवता येतात, पण कोणत्या अंगावर ते प्रत्येक मॉडेलचे वेगळे असते. अनेक लहान मशिनींच्या झाकणाला किंवा पायाला एका बाजूला टेकण्यासाठी मुद्दाम उंचवटे दिलेले असतात आणि पुस्तकात चित्र असते. ते चित्र पाहिल्याशिवाय अंदाजाने आडवी करू नये.

वल्हेकर

मेकॅनिककाकांनी जे लिहिले आहे ते मी पैसे मोजून शिकलो आहे, म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी मी १५ ची टू-स्ट्रोक रत्नागिरीहून गावी आणली. टेम्पो भरलेला होता, म्हणून चालकाने मशीनचे डोके खाली फळकुटावर ठेवले आणि पाय वर करून केबिनच्या मागच्या जाळीला बांधला. दिसायला ते फार नीटनेटके दिसत होते. त्या दिवशी सकाळीच मशीन खाडीत चालवून पाहिली होती आणि काढल्यावर दहा मिनिटेसुद्धा उभी ठेवलेली नव्हती.

घरी आल्यावर चार दिवस मशीन गोठ्याच्या पडवीत तशीच पडून राहिली. पाचव्या दिवशी दोरी ओढली तर ती अर्ध्यात अडकली. प्लग काढला तेव्हा त्याच्या टोकाला तांबूस पाण्याचा थेंब लोंबत होता, आणि भोकातून आत बॅटरी मारली तर सिलिंडरची भिंत चहाच्या भांड्याच्या तळासारखी दिसत होती. रिंगा चिकटल्या होत्या. सिलिंडर घासून घ्यावा लागला आणि हंगामाचे तीन आठवडे गेले. दोष कुणाला देणार? मशीन बांधताना मी शेजारी उभा राहून चहा पीत होतो.

खाडीकाठ

वल्हेकर, वाचून पोटात गोळा आला. म्हणजे निघण्यापूर्वी मशिनी गोड्या पाण्यात चालवून घेतलेल्या बऱ्या, असे मी धरतो. विक्रेत्याकडे मोठे पिंप आहे. दुसरे असे की ४० ची मशीन उभी आणायची तर पिकअपमध्ये ती कशाला अडकवायची? होडी इथे आहे, मशीन तिथे. आणि ती उचलायची कशी?

जुना_मेकॅनिक

गोडे पाणी तर हवेच. ८ ची पिंपात लावा. ४० च्या पायाला जिथून पाणी आत ओढले जाते तिथे रबरी कप बसतात, त्यांना नळाची नळी जोडा. पाणी आधी सोडायचे आणि मशीन मग सुरू करायची, कारण पाण्याचा रबरी पंप कोरडा फिरला तर काही सेकंदांतच त्याची पाती जळतात. पाच ते दहा मिनिटे संथ चालू द्या आणि मागून पाण्याची बारीक धार सतत पडते आहे ना, तिकडे लक्ष ठेवा. ८ च्या मशीनची पेट्रोलची नळी शेवटच्या मिनिटात काढून टाका, म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेल. तरीही कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढा. आडव्या मशीनमधून पेट्रोल ठिबकण्याचे मुख्य ठिकाण तेच आहे. ४० ची मशीन इंजेक्शनची असेल तर तिची पेट्रोल नळी काढून तोंड बंद करा, एवढे पुरे. नंतर दोन्ही मशिनी किमान अर्धा तास उभ्या ठेवा. पायातून पाणी ठिबकणे थांबले की बोटाने चाचपून पाहा.

उचलण्याबद्दल: वरचे प्लास्टिकचे झाकण काढल्यावर इंजिनाच्या डोक्यावर लोखंडी कडी दिसेल. ती उचलण्यासाठीच दिलेली असते. चेन ब्लॉक (साखळीने वजन उचलायची कप्पी) तिलाच लावा. झाकणाला, हाताळायच्या दांड्याला किंवा पंख्याला धरून चार माणसांनी उचलण्याचा प्रकार करू नका. झाकणाचा खटका एवढ्या वजनासाठी केलेला नसतो, तो सुटला तर मशीन थेट कुणाच्या तरी पायावर येते. चेन ब्लॉक नसेल तर आपल्याकडची पद्धत उत्तम आहे: कडीतून आणि क्लॅम्पखालून (होडीच्या फळीला धरणाऱ्या पकडीखालून) दोर घेऊन बांबूवर तोलायची आणि दोघांनी पुढे, दोघांनी मागे खांदा द्यायचा.

आता घोडा, म्हणजे मशीन उभी टांगायची चौकट. सुताराकडून लाकडी घोडा करून घ्या, दुसरा उपाय शोधत बसू नका. वरची आडवी फळी म्हणजे होडीची मागची फळीच समजा. तिची जाडी ४० ते ४५ मिलिमीटर ठेवा, म्हणजे क्लॅम्पला धरायला नीट जागा मिळेल. लांब पायाच्या मशीनमध्ये फळीच्या वरच्या कडेपासून पंख्यावरच्या आडव्या पत्र्यापर्यंत २० इंच, म्हणजे ५०८ मिलिमीटर अंतर असते. त्या पत्र्याखाली गिअर बॉक्स आणि पंख्याखालचे पाते मिळून आणखी फूटभर धरा. म्हणजे फळीची वरची कड जमिनीपासून तीन फूट ठेवलीत तर खालचे पाते अधांतरी राहील, आणि ते तसेच राहिले पाहिजे. काही लोक मशीन त्या पात्यावर टेकवून ठेवतात. प्रत्येक खड्ड्याला १०० किलोचा धक्का त्या पातळ अॅल्युमिनियमवर बसतो आणि ते तुटते.

घोड्याचा तळ रुंद हवा. मशीनचे जवळजवळ सगळे वजन वर असते. तळ फळीच्या उंचीइतका, म्हणजे तीन फूट लांब आणि तेवढाच रुंद धरला तर वळणावर तो कलंडणार नाही. तिरके आधार दोन्ही बाजूंनी द्या. सांधे खिळ्यांवर ठेवू नका, आरपार बोल्ट घाला. धक्क्यांनी खिळा हळूहळू वर येतो. मशीनच्या क्लॅम्पलाही फक्त हाताने पिळण्याच्या स्क्रूंवर सोडू नका. ब्रॅकेटला बोल्टची भोके असतात, त्यांतून फळीत दोन बोल्ट आरपार घाला.

घाटवळण

मी गेली बारा वर्षे पिकअप चालवतो. एप्रिल-मे महिन्यांत देवगडच्या हापूसच्या पेट्या आणि उरलेल्या वर्षात मिळेल तो माल. मशिनी पाच-सहा वेळा नेल्या आहेत. बांधण्याबद्दल माझे दोन शब्द.

घोडा हौद्यात कुठे ठेवायचा याला फार महत्त्व आहे. मागच्या चाकांच्याही मागे, फाळक्याजवळ, गाडी सगळ्यात जास्त उसळते. आंब्याच्या पेट्यांतही मागच्या दोन ओळींतलाच माल आधी दबतो. म्हणून घोडा केबिनच्या भिंतीला टेकवून, मध्यभागी ठेवा. खाली हौद्याचा पत्रा ओला झाला की गुळगुळीत होतो. त्यावर रबरी चटई किंवा टायरच्या ट्यूबचे तुकडे घाला, नाहीतर बेल्ट कितीही ताणला तरी घोडा सरकतो.

दोर नको. पावसात नायलॉनचा दोर भिजला की लांबतो, आणि चिपळूणला कडक बांधलेली गाठ हातखंब्याला सैल मिळते. रॅचेटचे बेल्ट घ्या, चार. दोन बेल्ट घोड्याच्या खालच्या पायांतून पुढच्या आणि मागच्या कड्यांना, आणि दोन बेल्ट वरून, मशीनच्या ब्रॅकेटपासून दोन्ही बाजूंना खाली तिरके. प्लास्टिकच्या झाकणावरून बेल्ट कधीही घेऊ नका. मी एकदा घेतला होता, कशेडी ओलांडायच्या आतच कडेला भेग पडली. दांड्यावरूनही घेऊ नका. दांडा मात्र वेगळ्या सुतळीने घोड्याला बांधा, म्हणजे मशीन डावी-उजवी वळत राहणार नाही. बेल्ट जिथे धारदार कडेवरून जातो तिथे गोणपाटाची घडी घाला.

निघाल्यावर पहिल्या पंधरा किलोमीटरवर थांबा आणि सगळे बेल्ट पुन्हा आवळा. पहिल्या खड्ड्यांत लाकूड आणि रबर बसते आणि बेल्ट हमखास ढिला होतो. त्यानंतर प्रत्येक चहाला हात लावून पाहायचे. कशेडीला बोगद्यातून जाता येत असल्यामुळे तिथली वळणे आता टळतात, पण परशुराम घाटात आणि पुढे कामे चालू असलेल्या वळणवाटांवर गाडी अक्षरशः पायी चालवल्यासारखी चालवावी लागते. कोल्हापूरहून गगनबावड्याने उतरण्याचा सल्ला कुणी देईल, पण भरल्या पावसात उंच माल घेऊन मी तो घाट उतरणार नाही.

अंबरनाथचा_नावाडी

ताडपत्रीबद्दल एक पुस्ती. मशीनला प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून चिकटपट्ट्या लावू नका. आत ओल राहते, बाहेरून ऊन पडले की ती वाफ होऊन विजेच्या जोडण्यांवर बसते. ताडपत्री गाडीच्या कमानीवरून घ्या, मशीनला चिकटवून नको. पंखा काढता आला तर काढा, नसेल तर जुन्या गोधडीत गुंडाळा. वर चढणाऱ्या माणसाच्या नडगीसाठीही ते बरे असते.

४० च्या मशीनची बॅटरी बरोबर येत असेल तर ती वेगळ्या खोक्यात, उभी, दोन्ही टोकांवर रबर घालून ठेवा. पेट्रोलची टाकी रिकामी करून, झाकण उघडे ठेवून वाळवून आणा. भरलेली टाकी आणि बॅटरी एका हौद्यात ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

कागदोपत्री

सगळे बांधण्याबद्दलच बोलत आहेत, म्हणून कागदांचे लिहितो. विक्रेता जीएसटी नोंदणीकृत असेल आणि बिल १ लाख रुपयांच्या वर असेल तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटीच्या संकेतस्थळावर काढायचा कागद) लागते. गोव्यातून आणत असाल तर ही मर्यादा ५० हजार आहे. अंतर ५०० किलोमीटर असल्यास त्याची मुदत तीन दिवसांची मिळते, कारण हिशेब २०० किलोमीटरला एक दिवस असा आहे. दरड कोसळून रस्ता बंद झाला तर ही मुदत वाढवून घेता येते, ते विसरू नका.

खासगी माणसाकडून घेतली असेल तर विक्रीची लेखी पावती घ्या आणि तिच्यावर मशीनचा क्रमांक लिहून घ्या. क्रमांकाची पट्टी ब्रॅकेटवर असते. तिचा स्वच्छ फोटो हौद्यात चढवण्याआधी काढा, झाकणाचे, पंख्याचे आणि पायाचे चारही बाजूंनी फोटो त्याच वेळी काढा. ट्रान्स्पोर्टच्या बिल्टीवर बारीक अक्षरात "मालकाच्या जोखमीवर" असे छापलेले असते. म्हणजे वाटेत काही झाले तर भरपाईसाठी तुम्हाला भांडत बसावे लागते. वाहतुकीचा विमा वेगळा काढता येतो, तो काढायचा की नाही ते मशीनच्या किमतीवर ठरवा.

हर्णैकर

एक प्रश्न मेकॅनिककाकांना. आमचा भाऊ होडी आणि मशीन एकत्रच ट्रॉलीवरून नेतो. मशीन मागे टांगलेली, वर उचलून खटका लावलेली. ते बरोबर आहे का?

जुना_मेकॅनिक

नाही. तो खटका होडी किनाऱ्याला लावलेली असताना मशीन वर धरून ठेवण्यासाठी आहे, रस्त्यावरच्या धक्क्यांसाठी नाही. धक्का बसला की खटका निसटतो किंवा वाकतो, आणि मागची फळीही हलते. जमिनीपासून पुरेसे अंतर राहत असेल तर मशीन सरळ उभी ठेवून न्यावी. ते शक्य नसेल तर पायाच्या आणि ट्रॉलीच्या मध्ये घट्ट आधार द्यावा, म्हणजे वजन ट्रॉलीवर जाईल, फळीवर नाही.

खाडीकाठ

मंडळी, मशिनी काल रात्री घाटवळण यांच्याच पिकअपमधून सुखरूप पोहोचल्या. जे झाले ते लिहितो.

घोडा पनवेलला एका सुताराने आंब्याच्या फळ्यांचा एका दिवसात करून दिला. विक्रेत्याने तो पाहून "एवढे कशाला" असे तीन वेळा म्हटले आणि चौथ्या वेळी स्वतःच चेन ब्लॉक आणून दिला. पिंपात मशीन चालवल्यावर ८ च्या पायातून पाणी वीसेक मिनिटे ठिबकत राहिले. आम्ही ती लगेच आडवी केली असती तर ते सगळे आतच राहिले असते. तिला पोत्यांवर अशी ठेवली की डोके एक वीत वर राहील.

घाटवळण यांनी सांगितल्याप्रमाणे पंधरा किलोमीटरवर थांबलो. चारपैकी तीन बेल्टना दोन-दोन दात आवळायला जागा निघाली. संगमेश्वरच्या पुढे पुन्हा एकदा आवळले, त्यानंतर घोडा हलला नाही. रस्त्याला अठरा तास लागले, त्यातले चार परशुरामला रांगेत गेले.

आज सकाळी दोन्ही मशिनींचे प्लग आधी काढले, भोकांवर कोरडे फडके धरले आणि ८ ची दोरी हाताने सावकाश चार वेळा ओढली. ४० चे इंजिन वरच्या चाकाला धरून हाताने फिरवले. फडक्यांवर ऑइलचा वास होता, पाणी अजिबात नव्हते. मगच प्लग लावले. ८ ची तिसऱ्या ओढीला सुरू झाली. ४० ला अजून बॅटरी जोडायची आहे, कारण बॅटरीचे खोके वडिलांनी देवघराजवळ ठेवले आहे आणि आज पूजा झाल्याशिवाय ते कुणाला हात लावू देत नाहीत.

वल्हेकर

अभिनंदन. घोड्याचे आता काय करणार? पुढच्या महिन्यात मला एक २५ ची वेंगुर्ल्याहून आणायची आहे.

खाडीकाठ

होडीच्या शेडमध्ये उभा आहे, येऊन घेऊन जा. तुमची २५ ची लहान पायाची असेल तर पाते पाच इंच जास्त अधांतरी राहील, त्याने काही बिघडत नाही. उजव्या बाजूचा मागचा बोल्ट थोडा आखूड पडला आहे, त्याच्या जागी मोठा घाला. बेल्ट मात्र तुमचे आणा, माझ्यातला एक घाटवळण यांच्या गाडीतच राहिला आहे.